नोवित्साच्या नावाने दिलेलं कार्ड

स्मरांदाच्या घरचं काम तसं नेहमीचंच होतं. तिमोक नदीच्या खोऱ्यात व्हिडिओवाली माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, त्यांत त्रायलो सगळ्यांत जुना. लग्न असो, बारसं असो, नाहीतर मेलेल्याच्या नावाने घातलेलं जेवण, म्हणजे पोमाना असो. बोलावणं आलं की त्रायलो कॅमेरा उचलायचा आणि त्याची बायको इलिंका कार्डांची पेटी. अर्धा गाव व्हिएन्नात मजुरीला. ज्यांना सुट्टी मिळत नाही ते तिकडे बसून सगळं पोमाना पहिल्या घासापासून शेवटच्या नाचापर्यंत बघतात आणि डोळे पुसतात.

स्मरांदाचा मुलगा नोवित्सा तिकडेच वारला. इमारतीच्या परांचीवरून पाय घसरला. चोविशीतला पोरगा, लग्न व्हायचं राहिलं होतं. त्याचं सहा महिन्यांचं पोमाना होतं.

"ऊन फार आहे," गाडीत त्रायलो म्हणाला. "टेबलं सावलीत मांडली असतील तर बरं."

"तू ढोसायला बसू नकोस म्हणजे झालं. मागच्या खेपेला शेवटचा नाच तिरका आला होता."

"कॅमेरा सरळच होता. अंगण तिरकं होतं."

टेबलं अक्रोडाच्या सावलीत होती. पावांवर मेणबत्त्या खोचलेल्या, तुळशीच्या डहाळ्या, उकडलेले गहू, भाजलेलं डुक्कर, फळांच्या दारूच्या, राकियाच्या बाटल्या. टेबलाच्या टोकाशी एक रिकामी खुर्ची, तिच्यासमोर भरलेली ताटली आणि नोवित्साचा फोटो. स्ताना आजी धुपाटणं घेऊन टेबलाभोवती फिरत होती आणि एकेका वस्तूवर हात ठेवून पुटपुटत होती. "हे नोवित्साच्या पुढ्यात असो. या जगी नव्हे, त्या जगी असो." मेलेल्याला काही पोचवायचं तर असं नाव घेऊनच द्यावं लागतं. नाव घेतलं नाही, तर वाटेत भलतंच कुणीतरी उचलतं.

जेवणं झाल्यावर बँडवाल्यांनी नाच धरला. हा नाचही मेलेल्यालाच द्यायचा असतो. स्मरांदा मुलाचा फोटो छातीशी धरून पुढे, मागे हातात हात गुंफून सगळे भाऊबंद. रडत रडत नाचत होती बाई, आणि पाऊल एकही चुकत नव्हतं. त्रायलोने अख्खा नाच एका दमात घेतला. त्याच्या कॅमेऱ्यात दोन खाचा होत्या. एकच चित्र एकाच वेळी दोन्ही कार्डांवर उतरायचं, म्हणजे एक बिघडलं तरी दुसरं हाताशी. आगपेटीपेक्षा लहान, काळी, जड कार्डं. कॅमेऱ्यातून काढली की कोंबडीखालच्या अंड्यासारखी गरम लागायची. इलिंकाने ती काढली आणि पेटीत पालथी ठेवली. भरलेलं कार्ड पालथं, रिकामं उताणं, ही तिची शिस्त.

तेवढ्यात स्मरांदा आली. धाप लागलेली, केस गालाला चिकटलेले.

"इलिंका, मला यातलं एक दे. नक्कल नको, हे खरंखुरं. नाच ज्यावर उतरला ते."

"काय करतेस त्याचं?"

"त्याला देते. तिथं वर, त्याच्या कबरीवर टीव्ही ठेवलाय मी. बघेल."

आईच्या दुःखापुढे कुणी काय बोलावं. दुसऱ्या कार्डावर नाच होताच, तेव्हा नुकसान काहीच नव्हतं. तिने पेटीतून एक पालथं कार्ड काढलं, टीव्हीला जोडायला कार्डाचा जुना रीडर दिला, वायर कुठं खुपसायची ते दाखवलं. स्मरांदाने कार्ड पावावर ठेवलं, तुळशीने त्यावर पाणी शिंपडलं, इलिंकाला वाटलं, भिजून गेलं आता हे, आणि स्ताना आजीकडून ते शब्द वदवून घेतले.

घरी येऊन इलिंकाने पेटी उघडली, तर नाचाची दोन्ही कार्डं आत. मग गेलं ते कुठलं? पेटीत आणखी एक पालथं कार्ड होतं, आदल्या आठवड्याचं. त्रायलोने कॅमेऱ्याची नवी काच तपासायला म्हणून अंगणात चित्रीकरण केलं होतं, आणि समोर उभी राहायला त्यांची मुलगी अंजेल्का होती, लग्नाचा पोशाख घालून. शिंप्याकडून तो त्याच दिवशी आला होता. शरदात तिचं लग्न होतं, व्हिएन्नात गाडी चालवणाऱ्या वोयकानशी. त्या चित्रीकरणाची नक्कल काढायची राहूनच गेली होती.

अंजेल्का स्वयंपाकघरात पाय वर घेऊन भाजलेल्या ढोबळ्या मिरच्या सोलत होती. दिवसभर औषधांच्या दुकानात उभी राहायची, म्हणून घरी आल्यावर तिचे पाय कायम खुर्चीवर.

"म्हणजे नोवित्सा आता माझा पोशाख बघत बसलाय?" ती हसली. "विचार त्याला, कंबरेत सैल आहे का. शिंपी ऐकत नाहीये."

"जिभेला काही हाड?" इलिंका म्हणाली आणि दृष्ट लागू नये म्हणून टेबलाच्या खालून लाकडावर बोटं वाजवली.

"अगं, शाळेत माझ्या मागच्या बाकावर होता तो. एक शब्द बोलला नाही कधी. आता बोलणारे का?"

दुसऱ्या दिवशी भर दुपारी इलिंका नाचाचं कार्ड घेऊन वर गेली. दफनभूमी गावाबाहेर टेकडीवर. ज्यांच्या घरी व्हिएन्नाचा पैसा आला त्यांनी कबरींवर घरं बांधली आहेत. कौलं, दारं, खिडक्या, सगळं. नोवित्साचं घर एका खोलीचं होतं. नवा गिलावा अजून ओला वास मारत होता. आत पलंग, टेबल, लहान फ्रीज, भिंतीला टीव्ही. खिडकीला पांढऱ्या जाळीचा पडदा. फ्रीज घुमत होता, आणि त्या घुमण्याशिवाय टेकडीवर दुसरा आवाज नव्हता. वाऱ्याचासुद्धा.

स्मरांदा पलंगाच्या कडेवर बसली होती.

"काल लावलास टीव्ही?" इलिंकाने विचारलं.

"लावला."

"मग तुला दिसलंच असेल. चुकीचं कार्ड गेलं माझ्या हातून. हे घे नाचाचं... आणि ते मला दे."

स्मरांदाने हात पुढे केला नाही. "पुन्हा पुन्हा बघितलं मी," ती म्हणाली. "किती गोड पोर आहे गं तुझी. चालते कशी, मान वळवते कशी..."

"स्मरांदा, कार्ड दे."

"मी नाच मागितला होता. आली ती. मी मागितली नव्हती, इलिंका. आपली आपण आली. माझ्या पोराला तेवढीच एक गोष्ट मिळायची राहिली होती..."

"तू शब्द बोललीस ते नाचावर. तुझ्या मनात नाच होता."

"खाली नाच होता." तिचा आवाज अगदी बारीक झाला. "इथं मी पुन्हा बोलले. तिचंही नाव घेऊन. तुझा नवरा हाका मारतोय ना त्यात... अंजेल्का, इकडे बघ. अंजेल्का, वळ जरा..."

इलिंकाने टीव्हीमागे हात घालून रीडर ओढला. खाच रिकामी होती. तिने टेबल सरकवलं, गादी उलटली, फ्रीजमधल्या बिअरच्या बाटल्या बाहेर काढल्या. स्मरांदा अडवत नव्हती. नुसती बघत होती.

"शोध," ती म्हणाली. "सकाळी मीही शोधलं. काल लावून गेले, कुलूप घातलं. किल्ली माझ्या गळ्यात आहे. मी नाही काढलेलं, त्याच्या मातीची शपथ."

गादी पुन्हा नीट घालताना इलिंकाला दिसलं, उशा दोन होत्या. एक जुनी, चुरगळलेली. दुसरी कोरी, दुकानातल्या घडीसकट. ती कुणी आणली हे तिने विचारलं नाही. खाली उतरेपर्यंत तिला आपल्या पावलांशिवाय काही ऐकू आलं नाही.

स्ताना आजीने सगळं ऐकून घेतलं आणि चुलीत एक लाकूड सारलं.

"दिलेलं मागता येत नाही गं बाई. माझ्याकडे नाही तसला शब्द. ज्याला दिलं त्यानेच परत दिलं तर."

"तो कसा देईल?"

"विचारून बघ. वर्षाच्या पोमानाला तो टेबलाशी येतो, तेव्हा. पोरगा वाईट नव्हता. मागितलं तर अंगातला शर्ट द्यायचा. पण स्वतःचं असं त्याला काही कधी मिळालंच नव्हतं."

त्रायलोने हे सगळं हसण्यावारी नेलं. बायका आणि बायकांच्या गोष्टी. तो म्हणाला, पोशाखाचं चित्रीकरण पुन्हा करू, त्यात काय. रविवारी सकाळी अंजेल्का पुन्हा पोशाख घालून अंगणात उभी राहिली. वळली, चालली, हसली. मग कार्ड काढून तिघं पडद्यापुढे बसली.

अंगण होतं. अक्रोडाचं झाड होतं, खाली कोंबडी फिरत होती. त्रायलोचा आवाज होता, "वळ जरा, उजवीकडे." अंजेल्काचं हसणंही होतं, अगदी जवळून. ती नव्हती. गवत मात्र एका रेषेत दबत होतं आणि पुन्हा उभं राहत होतं.

त्रायलोने कार्ड पुसलं, नवं घातलं. तेच. दुसऱ्या कॅमेऱ्यातून बघितलं. तेच. मग तो उठला आणि कपाटातून एक जुनं कार्ड काढून आणलं. ते त्याने कधी पुसलं नव्हतं. अंजेल्का लहान असल्यापासूनचं तिचं काय काय त्यावर होतं. वाढदिवस लावला. टेबलाभोवती सगळी टाळ्या वाजवत होती, मधे केक, आणि केकपुढची खुर्ची मोकळी. मेणबत्त्यांच्या ज्योती एकदम एका बाजूला झुकल्या आणि विझल्या. सगळ्यांनी त्या मोकळ्या खुर्चीला मिठ्या मारल्या.

अंजेल्का बापाच्या खांद्याशी उभी राहून बघत होती. "माझी चप्पल तरी येते का कुठे?" तिने विचारलं. या वेळी ती हसली नाही.

त्यानंतर त्रायलो पूर्वीचा राहिला नाही. पोरगी समोर बसून सूप पितेय, आणि हा हळूच कॅमेरा रोखून बघतोय, असं चालायचं. दर वेळी नवं कार्ड, दर वेळी रिकामी खुर्ची आणि हवेत वर जाणारा चमचा. मग त्याने कॅमेरा उघडणंच सोडलं. लग्नाची तारीख पुढे ढकलली. पोरीला बरं नाही, असं वोयकानला कळवलं, आणि ते खोटंही नव्हतं. अंजेल्काला थंडी वाजायची. औषधांच्या दुकानातून आली की निजायची. एका संध्याकाळी कपडे घडी करता करता म्हणाली, "ती पांढरी जाळी खिडकीला शोभत नाही गं आई. धूळ धरते."

"कुठल्या खिडकीला?"

अंजेल्काने हातातल्या टॉवेलकडे बघितलं. त्यांच्या घरात पडदे निळे होते, कापडी. "काय माहीत," ती म्हणाली. "मी कशाबद्दल बोलत होते?"

इलिंकाने त्या दिवसापासून वर्षाच्या पोमानाची वाट बघायला सुरुवात केली. दुसरं करण्यासारखं होतं तरी काय. डॉक्टरने रक्त तपासलं, सगळं ठीक निघालं. पाद्र्याने घरात पवित्र पाणी शिंपडलं आणि या जुन्या खुळांत पडू नका म्हणाला. तो गेल्यावर इलिंकाने मेणबत्ती लावली आणि फरशी कोरडी केली.

पोमानाच्या दिवशी त्यांनी अंजेल्काला घरात ठेवून दाराला बाहेरून कुलूप घातलं. तिला तसं सांगूनच. तिने मान हलवली आणि पांघरूण ओढून घेतलं. त्रायलोने कॅमेरा घेतला, कारण स्मरांदाने बोलावलं होतं आणि नाही म्हणायची त्याची छाती नव्हती.

तेच अंगण, तीच टेबलं. सगळे जेवायला बसण्याआधी इलिंका टेबलाच्या टोकाशी असलेल्या रिकाम्या खुर्चीपाशी गेली. तिने नाचाचं कार्ड ताटलीत ठेवलं आणि वाकून, कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात बोलली.

"नोवित्सा, बाळा. हे तुझं. हेच तुझ्यासाठी होतं... ते दुसरं माझ्या हातून चुकून गेलं. तू शहाणा आहेस. हे घे, आणि माझं मला दे. एकच आहे मला..."

खुर्ची खुर्चीसारखीच राहिली. सूपची वाफ वर जात होती. इलिंका तिथंच उभी राहिली, शेवटी कुणीतरी तिला दंडाला धरून बाजूला नेलं.

नाच सुरू झाला. स्मरांदा पुढे, फोटो छातीशी. इलिंका भिंतीला टेकून होती. नाचणाऱ्यांची रांग वळून समोर आली, आणि तिला रांगेच्या शेवटी अंजेल्का दिसली. घरातल्या सपाता पायांत, अंगावर झोपायचा सदरा. उजवा हात शेजारणीच्या हातात. डावा हात वर उचललेला, बोटं मिटलेली, जशी दुसऱ्या कुणाच्या बोटांत गुंफल्यावर मिटतात. त्या बाजूला कुणी नव्हतं. चेहरा मात्र तांबूस झाला होता, कित्येक महिन्यांत नव्हता तसा.

इलिंकाने तिला हाक मारली. बँडच्या आवाजात ती विरून गेली.

नाच थांबल्यावर त्रायलो धावत आला. रडत होता. "आली. इलिंका, पोरगी आली. मी कॅमेऱ्यातून बघितलं... स्वच्छ दिसतेय. कार्डावर उतरलीय, हे बघ."

खरंच उतरली होती. लहानशा पडद्यावर अंजेल्का नाचत होती, सपातांसकट. त्रायलोने मुलीला कवटाळलं, तिथंच राकियाचे घोट घेतले, भेटेल त्याला मिठी मारली. कुलूप लावलेल्या घरातून ती आली कशी, हे त्याने विचारलं नाही. इलिंका निघण्याआधी रिकाम्या खुर्चीपाशी जाऊन आली. ताटलीत तिने ठेवलेलं कार्ड तसंच होतं. हात लागलेला नव्हता. तिने हे नवऱ्याला सांगितलं नाही. गाडीत तो गात होता. अंजेल्का मागे बसून बोटांनी ताल धरत होती.

काही दिवस बरे गेले. अंजेल्काची थंडी गेली, ती गाणी गुणगुणायची. मग एका सकाळी ती औषधांच्या दुकानात गेली आणि लगेच परत आली. तिच्या जागी दुसरी मुलगी उभी होती, म्हणाली. मालकाने हिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

इलिंका तिला घेऊन पाववाल्या बाईकडे गेली. बाईने इलिंकाला पाव दिला, सुटे पैसे दिले, गुडघ्यांचं दुखणं सांगितलं. अंजेल्का शेजारीच उभी होती.

"अंजेल्का कशी आहे?" निघताना इलिंकाने मुद्दाम विचारलं.

बाईने आठवून बघितलं. "कोण गं? तुझी बहीण का?"

इलिंकाने वोयकानला फोन लावला. तो नेहमीसारखा अदबीने बोलला, मावशी म्हणाला, त्रायलोची चौकशी केली. मग तिने अंजेल्काचं नाव काढलं. "मावशी... तुम्हाला मुलगी आहे? मला माहीत नव्हतं."

पोरीला हे काही तिने सांगितलं नाही. सांगायची गरजही नसावी. अंजेल्का आता बहुतेक वेळ खिडकीशी बसायची, टेकडीच्या बाजूला तोंड करून. दुःखी दिसत नव्हती. आईने हात धरला तर धरू द्यायची. हात गरम होता, खराखुरा होता; इलिंका रात्र रात्र तो धरून बसायची आणि सकाळी उठल्यावर आधी तोच चाचपायची.

त्या शनिवारी त्रायलो पडद्यापुढे बसून पोमानाचं चित्रीकरण जोडत होता. व्हिएन्नावाल्यांना पाठवायचं होतं. इलिंका मिरच्या भाजत होती. अंजेल्का टेबलाशी होती.

"इलिंका, जरा बघ इकडे," तो म्हणाला. "ही शेवटची पोरगी कोण आहे?"

इलिंका हातातला चिमटा घेऊन त्याच्या मागे जाऊन उभी राहिली.

"सपाता घालून नाचतेय," तो म्हणाला. "नीट नाचते हो. नोवित्साच्या नात्यातली असेल... त्याच्या फोटोकडेच बघतेय सारखी." त्याने चित्र मागे नेलं, पुन्हा पुढे आणलं, पडद्याजवळ तोंड नेलं. "बिचारी. कुणाची आहे कोण जाणे."

"त्रायलो..." इलिंका म्हणाली.

"काय झालं? मिरच्या जळतायत."

त्याने पडदा बंद केला, हात धुतले. कपाटातून ताटल्या काढल्या आणि नेहमीप्रमाणे टेबल मांडलं. पाव कापला. एक ताटली स्वतःपुढे ठेवली, एक इलिंकाच्या जागी, आणि कपाटाचं दार लावून घेतलं. मग खुर्ची ओढून बसला, मुलीच्या अगदी शेजारी, आणि तिच्या खांद्यावरून हात नेऊन मिठाची बरणी घेतली.

इलिंकाने आपली ताटली उचलली आणि अंजेल्कापुढे सरकवली.

अंजेल्काने ती हलकेच आईकडे परत लोटली.

"असू दे, आई," ती म्हणाली. "मी जेवून आलेय."